दोन्हीकडे ‘असतं’, मग ‘वुड’ एकीकडेच का?

प्रश्न : बाई, नमस्कार. गणपती पेठेत माझं हळदीचं दुकान आहे. २०१९च्या पुरात पोती भिजली, त्याचं कर्ज अजून फेडतोय. दहावीतल्या मुलीनं त्यावर इंग्रजीत निबंध लिहिला. ‘इफ वी वुड हॅव मूव्ह्ड द सॅक्स, दे वुड हॅव बीन सेफ’ या वाक्याखाली लाल रेघ आली. ‘इफ’नंतर ‘वुड’ नको, एवढंच तिला सांगितलं. पण मराठीत आपण दोन्हीकडे ‘असतं’ म्हणतोच की! मग चुकलं कुठं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, चुकीचं मूळ तुम्हीच नेमकं धरलंत. ‘पोती हलवली असती, तर वाचली असती.’ पोरीनं दोन्ही ‘असती’ जशाच्या तशा इंग्रजीत नेल्या. सांगलीत ३२ वर्षं इंग्रजी शिकवताना ही चूक मी हुशार मुलांच्याच वह्यांत जास्त पाहिली, कारण ती मुलं अर्थ धरून लिहितात.

इंग्रजीत ‘वुड’ परिणामाच्या बाजूला बसतो. अटीच्या बाजूला, ‘हे घडलं नाही’ हे दाखवायला क्रियापद काळात एक पायरी मागं सरकतं. गोष्ट आधीच भूतकाळातली असेल, तर आणखी मागं, म्हणजे ‘हॅड मूव्ह्ड’. म्हणून : ‘इफ वी हॅड मूव्ह्ड द सॅक्स, दे वुड हॅव बीन सेफ.’

खरी अडचण पुढं आहे. ‘टेम्पो असता तर पोती हलवली असती’ हे आपण आजबद्दलही म्हणतो, त्या दिवसाबद्दलही. इंग्रजीला ते वेगळं सांगावं लागतं. आज : ‘इफ आय हॅड अ टेम्पो, आय वुड मूव्ह द सॅक्स.’ त्या दिवशी : ‘इफ आय हॅड हॅड अ टेम्पो, आय वुड हॅव मूव्ह्ड देम.’ हे ‘हॅड हॅड’ छपाईची चूक समजून मुलं एक खोडतात. खोडू देऊ नका. पहिला ‘हॅड’ काळ सांगतो, दुसरा टेम्पो जवळ असल्याचं.

जे खरंच घडू शकतं, त्याची रीत निराळी. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोका पातळी, हे आपल्याकडं लहान पोरंही सांगतात. ‘पाणी ४० फुटांवर गेलं तर माळ्यावर जाऊ’ यात ‘गेलं’ भूतकाळी दिसतं, पण गोष्ट उद्याची. इंग्रजीत तिथं साधा वर्तमानकाळ : ‘इफ द वॉटर क्रॉसेस फॉर्टी फीट, वी विल गो अपस्टेअर्स.’ ‘विल क्रॉस’ नको. ‘क्रॉस्ड’ म्हटलं, तर पाणी तेवढं चढेल असं तुम्हाला वाटत नाही, असा अर्थ होतो.

‘इफ’नंतर ‘वुड’ कधीच येत नाही, असं मात्र तिला सांगू नका. ‘इफ यू वुड साइन हिअर’ ही विनंती आहे, ती बरोबर. आणि सिनेमात ऐकू येणारा ‘आय’ड’ कधी ‘आय हॅड’ असतो, कधी ‘आय वुड’. कानावर शिकणाऱ्यांचा घोळ तिथंही होतो.

तुमच्या कर्जाचं वाक्य तिनं लिहिलेलं दिसत नाही. अट त्या दिवसाची, परिणाम आजचा, म्हणून ‘वुड’नंतर ‘हॅव’ नाही : ‘इफ वी हॅड मूव्ह्ड द सॅक्स, वी वुड नॉट बी रिपेइंग अ लोन नाऊ.’ लाल रेघेच्या जागी तिला हे लिहू द्या.