स्टार सॅन सोडूनही बीअर आंबट का होते?

प्रश्न: नमस्कार दादा, मी न्यू जर्सीत राहतो, गॅरेजमध्ये हौसेने बीअर बनवतो. फर्मेंटरमधून वरच्या वर काढलेलं सॅम्पल मस्त लागतं, पण बाटल्या भरून महिना झाला की आंबट, आणि झाकण काढलं की नुसता फेस. बॉटलिंगच्या बादलीला स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह लावलाय, दर वेळी त्यातून स्टार सॅन (जंतू मारणारं आम्लाचं द्रावण) सोडतो. मग इन्फेक्शन येतंय कुठून?

उत्तर: माझा संशय त्या व्हॉल्व्हवरच आहे. आत भोक असलेला गोळा असतो, तो टेफलॉनच्या दोन रिंगांमध्ये फिरतो आणि गोळ्याच्या बाहेर, बॉडीच्या आत, थोडी पोकळी राहते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असला की तुमचं स्टार सॅन भोकातून सरळ निघून जातं, त्या पोकळीला शिवतही नाही, पण उघड-बंद करताना बीअर मात्र तिथे शिरते आणि मग लॅक्टोबॅसिलस (आंबटपणा आणणारे जीवाणू) नाहीतर जंगली यीस्ट तिथे मजेत संसार थाटतात. शिवाय स्टार सॅन म्हणजे साबण नव्हे, मळाचा थर असला तर त्याच्याखाली ते पोचत नाही. आधी धुणं, मग सॅनिटाइझ.

तर पान्हा घ्या आणि खोलूनच बघा. थ्री-पीस (तीन भाग जोडून केलेला) असेल तर बोल्ट काढले की गोळा हातात येतो, त्यावर तपकिरी चिकट थर दिसला की चोर सापडला. सगळे भाग गरम पाण्यात पीबीडब्ल्यू (बीअरची भांडी धुवायची पावडर) घालून अर्धा तास बुडवा, मऊ ब्रशने घासा, खळखळून धुवा. आट्यांवरची जुनी टेफलॉन टेपही काढा, तिच्याखाली पण घाण साठते. टू-पीस (दोन भागांचा) खोलणं अवघड असतं, जमलं नाही तर तो तसाच बुडवून दांडी पुढेमागे फिरवायची आणि अर्धवट उघडा ठेवायचा. खरं सांगू, बॉटलिंगच्या बादलीला साधी प्लॅस्टिकची तोटीच बरी, स्वस्त असते, खराब झाली की फेकून द्यायची.

भरायच्या दिवशी १९ लिटर पाण्याला ३० मिली स्टार सॅन, व्हॉल्व्ह त्यात दोन-चारदा उघड-बंद करा आणि एक-दोन मिनिटं ओला राहू द्या. फेस राहिला तरी परत धुवू नका. उकळायच्या भांड्याच्या व्हॉल्व्हचं एवढं टेन्शन नको, उकळी संपायच्या आधी थोडा वॉर्ट (यीस्ट घालायच्या आधीचा माल्टचा गोड रस) त्यातून काढून परत भांड्यात ओतला की भागतं.

ब्लीच मात्र स्टीलला लावू नका, खड्डे पडतात, आणि चुकून स्टार सॅनमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. आणि हो, उरलेल्या बाटल्या आजच फ्रिजमध्ये टाका, असल्या बाटल्या फुटतात.