संत कमिलस यांची जखम कधीच भरली नाही

‘मला स्तनाचा कर्करोग आहे. ऑपरेशन झालं, केमो चालू आहे. कर्करोग्यांचे आश्रयदाते संत पेरेग्रीन यांची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, तीनदा केली. तिसऱ्या वेळी सातव्या दिवशी उलट्यांनी इतकी बेजार झाले की प्रार्थना राहून गेली, म्हणून पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू केली. तरी नव्या रिपोर्टमध्ये यकृतावर डाग आलाच. आमच्या प्रार्थनागटातल्या एक बाई म्हणाल्या, “विश्वास कुठेतरी कमी पडला असेल.” तेव्हापासून हात जोडवत नाहीत. केमोही सोडून द्यावीशी वाटते. फादरांना घरी बोलवावं, तर घरचे धसका घेतील. काय करू?’

ताई,

आधी त्या बाईंच्या बोलण्याचं बघू, कारण ते तुम्हाला रिपोर्टपेक्षा जास्त लागलंय. उलट्या झाल्यावर तोंड धुऊन जी बाई प्रार्थनेचं पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर उघडते, तिच्या विश्वासाचं माप कुणी काढू नये. मला त्या बोलण्याचा फार राग आला. आणि नोव्हेनाचा एखादा दिवस आजारपणात चुकला, तर सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. जिथे थांबलात तिथून पुढे म्हणायची.

संत पेरेग्रीन यांच्या पायाला मोठा व्रण झाला होता. दुसऱ्या दिवशी पाय कापायचं ठरलं होतं. परंपरा सांगते की आदल्या रात्री ते कसेबसे क्रूसापुढे गेले, प्रार्थना करता करता त्यांना झोप लागली आणि सकाळी पाय बरा झालेला होता. तुम्ही या सकाळीवर आस लावून बसलात, ते साहजिकच आहे. पण आदली रात्रही बघा. पाय कापायला वैद्य सकाळी येणार होता, आणि तरीही ते प्रार्थनेला बसले. बायबलमधल्या सिराखच्या पुस्तकात, 38व्या अध्यायात, वैद्याचा मान राखा, त्यालाही प्रभूनेच निर्माण केलं आहे, असं स्पष्ट म्हटलंय. म्हणून केमो सोडू नका. उलट्या सोसत बसू नका, त्यावरची औषधं बदलून देता येतात. कोणत्या दिवशी किती वेळा झाल्या हे लिहून ठेवा आणि कागद डॉक्टरांपुढे ठेवा. उपचार नकोसे होतात हेही त्यांनाच मोकळेपणाने सांगा.

आता मला तुमची गाठ आणखी एका संतांशी घालून द्यायची आहे. संत कमिलस. तरुणपणी सैनिक होते, जुगारात सगळं घालवून बसलेले. त्यांच्याही पायाला जखम होती. तिच्यामुळे कपुचिन संन्याशांच्या मठात त्यांना राहू दिलं नाही. रोममध्ये असाध्य रुग्णांच्या इस्पितळात ते उपचारासाठी गेले आणि पुढे तिथेच रुग्णांची सेवा करू लागले. त्यातूनच रुग्णसेवकांचा संघ उभा राहिला. ती जखम मात्र 1614 साली मृत्यू येईपर्यंत भरली नाही. आणि 1886 साली पोपनी रुग्णांचे आश्रयदाते म्हणून नेमले ते हेच कमिलस. त्यांचा विश्वास कमी पडला होता, असं म्हणायची कुणाची छाती होईल?

संत स्वतःच्या बळावर कुणाला बरं करत नाहीत. ते आपल्यासाठी देवाकडे शब्द टाकतात, मध्यस्थी करतात, एवढीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे. मला विचाराल तर त्याहून मोठी गोष्ट सोबतीची आहे. आंघोळीच्या वेळी टाक्यांकडे बघवत नसेल, घरात कुणापाशी बोलवत नसेल, तेव्हा संत अगाथाशी बोला. छळ करणाऱ्यांनी त्यांचे स्तन कापले होते. त्यांना काही समजावून सांगावं लागणार नाही. बरं कर, एवढंच मागायचं असंही नाही. भीती वाटते, राग आलाय, तेही सांगा. शब्द सुचत नसतील तर जपमाळ नुसती हातात धरून पडून राहा.

फादरांना जरूर बोलवा. रुग्णाभ्यंग, म्हणजे फादर आजाऱ्याला तेल लावून देतात तो संस्कार, मरणाच्या दारातल्या माणसासाठीच असतो, हा समज अजून जात नाही. गंभीर आजारात तो घेता येतो, प्रकृती आणखी बिघडली तर पुन्हाही घेता येतो. कपाळाला आणि हातांना तेल लावून आजाऱ्यासाठी बळ मागतात. फादर दारात उभे राहिल्यावर सांगण्यापेक्षा घरच्यांना आदल्या दिवशीच सांगा, ‘मला धीर हवाय म्हणून बोलावलंय, तुम्हीही शेजारी बसा.’ त्यांनाही तो हवाच असेल.

प्रार्थनागटात काही दिवस नाही गेलात तरी चालेल. पुढच्या केमोआधी डॉक्टरांशी उलट्यांबद्दल काय बोलणं झालं, ते मला नक्की कळवा. तुमचं नाव माझ्या रोजच्या प्रार्थनेत आहे.

तुमची,
ताई