स्वस्त तिकीट घेऊ का, काका?

प्रश्न : काका, मी नॉर्वेत बर्गनला शिकते. जूनअखेर न्यूयॉर्कला ताईकडे जायचंय. नॉर्स अटलांटिक या विमान कंपनीचं तिकीट बाकीच्यांपेक्षा बरंच स्वस्त दिसतंय, पण कंपनी जून २०२२ मध्येच सुरू झालेली. त्यात फ्लिर या नॉर्वेच्याच स्वस्त विमान कंपनीने २०२३ मध्ये गाशा गुंडाळला. वर्गातले म्हणतात, नव्या कंपनीच्या नादी लागू नकोस. काय करू? बर्गन ते ऑस्लो वेगळं तिकीट काढणार आहे.

उत्तर : जा बिनधास्त. हेच तिकीट जानेवारीचं असतं तर मात्र मीही तुला थांब म्हणालो असतो.

स्कँडिनेव्हियातल्या स्वस्त विमान कंपन्यांची बारशी आणि तेरावी मी पंचवीस वर्षं बघतोय. नॉर्वेची कलर एअर १९९९ च्या सप्टेंबरअखेर गेली, डेन्मार्कची स्टर्लिंग २००८ च्या ऑक्टोबरअखेर, प्रायमेरा २०१८ चा ऑक्टोबर लागता लागता आणि फ्लिर २०२३ च्या ३१ जानेवारीला. यातली एक तरी भर उन्हाळ्यात गेली का? जुलैत अख्खा नॉर्वे कामाला कुलूप लावून हिंडायला निघतो. विमानं भरतात, गल्ला भरतो. मग नोव्हेंबरपासून तोच गल्ला पुरवून खायचा. विमानांचं भाडं काही हिवाळ्यात माफ होत नाही. साठा तुटपुंजा असला की पानगळीबरोबर कंपनीही गळते.

नॉर्सला हे स्वस्त भाडं परवडतं कसं, हेही सांगतो. २०२३ मध्ये त्यांच्याकडे असलेली पंधरा ड्रीमलायनर, म्हणजे बोइंगची लांब पल्ल्याची विमानं, नवी कोरी नव्हती. बहुतेक ‘नॉर्वेजियन’ या नॉर्वेच्या जुन्या स्वस्त विमान कंपनीने वापरलेली. नॉर्वेजियनने जानेवारी २०२१ मध्ये लांब पल्ल्याची उड्डाणं कायमची बंद केली, आणि कोरोनात एवढी मोठी विमानं कोणालाच नको होती. ती यांनी पडत्या भावात भाड्याने घेतली. म्हणजे घर तेच, भाडेकरू नवा. शिवाय नॉर्वेजियनचे जुने सर्वेसर्वा ब्यॉर्न शोस यांनीही सुरुवातीला यात पैसे घातले होते. (हे वाचून धीर यावा की धास्ती वाटावी, मला अजून ठरवता आलेलं नाही.) विमानाच्या सुरक्षिततेची काळजी नको. परवाना नॉर्वेचाच आहे, आणि तिथले तपासनीस तिकिटाची किंमत बघून तपासणी सैल करत नाहीत.

पैसे मात्र क्रेडिट कार्डानेच भर. कंपनी बुडाली तर नॉर्वेत कार्ड देणाऱ्या बँकेकडे मागता येतात. एकदा मी डेबिट कार्डाने भरले. ती कंपनी बसली आणि मी घेणेकऱ्यांच्या रांगेत शेवटून पहिला! एक क्रोनर हाती लागला नाही. उशिरासाठी सहाशे युरोपर्यंत भरपाईचा युरोपीय नियम नॉर्वेतही लागू आहे, पण तो जित्या कंपनीपुरता.

मला खरी काळजी तुझ्या बर्गनच्या तिकिटाची आहे. तिकिटं दोन, कंपन्या दोन. सकाळचं विमान धुक्यात अडकलं तर न्यूयॉर्कचं विमान तुझ्यासाठी थांबणार नाही, आणि दुसरं तिकीट कोणी देणार नाही. त्यापेक्षा आदल्या दिवशी रेल्वेने ऑस्लो गाठ. सात-एक तास लागतात, पण हार्डांगरच्या पठारावर जूनमध्येही बर्फ दिसतो. रात्री कोणा मैत्रिणीकडे मुक्काम कर. गार्डरमोएन विमानतळ ऑस्लो स्टेशनपासून वीसेक मिनिटांवर आहे.

भाड्यांची तुलना करताना बॅगेचे पैसे मिळवूनच कर. सर्वांत स्वस्त तिकिटात चेक-इन बॅग नाही आणि जेवणही नाही. आठ-साडेआठ तास उपाशी बसू नकोस. वर्गातले सगळे कागदात गुंडाळून पावाचा डबा आणतात ना, मातपाक्के, तो घे. दोन घे.