फी वाया जाऊ नये म्हणून

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल काल रात्री वाचली, सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली. दोन वर्षं भाषांतरं तपासलीस, कामाबद्दल कुणाची तक्रार नव्हती, आणि एका गुरुवारी दुपारी मीटिंग घेऊन टीमच बंद केली. ‘काका, माझं प्लॅनिंग कुठे चुकलं?’ असं विचारतेस आणि खाली पुढच्या पाच वर्षांचा आराखडा मागतेस. तो माझ्याकडे नाही. माझा स्वतःचाच कधी लागू पडला नाही.

आधी कोरडी कामं उरक. नोटिशीचा पगार, उरलेल्या रजेचे पैसे, अनुभवाचं पत्र, सगळं लेखी माग आणि नीट वाचल्याशिवाय कशावरही सही करू नकोस. ‘राजीनामा दे, रेकॉर्ड स्वच्छ राहील’ असं कुणी गोडीत सांगितलं, तर आधी एखाद्या जाणकाराला विचार. पीएफ मोडू नकोस. आणि आईला सांग. मेलवरून वाटतंय, अजून सांगितलेलं नाहीस.

आता माझं ऐक. १९८१ साली मी नारायण पेठेतल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला लागलो. समोर लाकडी केस, तिच्यात शेकडो खाने, डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी. उजव्या हातानं न बघता खिळा उचलायचा, ओळ उलटी वाचायची, छापून झालं की तेच खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या खान्यात. माझा प्लॅन पक्का होता: दहा वर्षांत फोरमन. बारा वर्षांनी फोरमनची खुर्चीच उरली नाही. ऑफसेट छपाई आली, कॉम्प्युटरवर अक्षरं जुळवणारं डीटीपी आलं, मालकानं खिळे किलोवर विकले. शिसंच ते. टेम्पोत भरायला आम्हीच हात लावला.

मध्ये एक फालतू गोष्ट घडली होती. १९८४ मध्ये थोरल्या भावानं टायपिंगच्या क्लासची फी भरली आणि आठवड्यात त्याला एसटीत नोकरी लागली. फी परत मिळेना. आई म्हणाली, ‘पैसे वाया नकोत, तू जा.’ म्हणून गेलो. मराठी तीसची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची, परीक्षा दिली, सर्टिफिकेट ट्रंकेत टाकलं. खिळे जुळवणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

१९९४ ची लग्नसराई. मिळेल ते करत होतो, त्यात सायकलवरून प्रुफं पोचवणंही आलं. अप्पा बळवंत चौकातल्या एका डीटीपीवाल्याकडे गेलो, तर त्याचा ऑपरेटर आलेला नाही आणि काउंटरवर एक वरपिता आवाज चढवून बोलतायत. मालकानं वैतागून मलाच विचारलं, ‘मराठी टायपिंग येतं का रे?’ त्यांच्या श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइपरायटरच्या पद्धतीचा कीबोर्ड होता. बोटांना आठवलं. संध्याकाळपर्यंत चार पत्रिका काढल्या. एकीत ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ यांची अदलाबदल झाली होती, ती मालकानं छपाईआधी धरली म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. तिथं मी नऊ वर्षं होतो.

यावरून ‘जे होतं ते चांगल्यासाठी’ असं मात्र मनात आणू नकोस. माझ्या शेजारच्या केसवर माझ्यापेक्षा वेगवान हात होता. शुद्धलेखन मी त्याच्याकडून शिकलो. त्याच वर्षी त्याचे वडील अंथरुणाला खिळले आणि तो गावी गेला. परत आला तो वॉचमन म्हणून. त्याच्यात काही कमी नव्हतं. त्या दिवशी चौकात मी होतो, तो नव्हता, एवढंच.

पुढे एका पुस्तकाची अक्षरजुळणी करताना जॉन क्रंबोल्ट्झ हे नाव भेटलं. स्टॅनफर्डचे प्राध्यापक, करिअरच्या समुपदेशनात मोठं नाव. कॉलेजात मुख्य विषय निवडायची मुदत संपत आली, तेव्हा ते आपल्या टेनिसच्या कोचकडे गेले. कोच शिकवायचे मानसशास्त्र, मग दुसरा कुठला विषय सुचवणार! पुढे १९९९ साली दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी मांडलं की योगायोग टाळायचा नसतो, तो घडावा अशी हालचाल ठेवायची असते. कुतूहल, चिकाटी वगैरे गुणांची यादीही दिली. मला यादीपेक्षा कोच पटला.

तुझ्या बाबतीत ट्रंकेतलं सर्टिफिकेट कोणतं, ते शोध. दिवाळीत आली होतीस तेव्हा म्हणाली होतीस, कोर्टाच्या कागदांतले मराठी शब्द तू वेगळे जमवतेस आणि टीम लीड ‘हे आपलं काम नाही’ म्हणून चिडतो. फाइल कंपनीची असेल तर तिथेच राहू दे, डोक्यात आहे ते तुझं. नोकरीचे अर्ज करच, पण दिवसभर तेवढंच करत बसू नकोस. ज्यांच्याशी एकदाच काम पडलं, अशा चारपाच जणांना साधा फोन कर. नोकरी मागू नकोस, त्यांच्याकडे सध्या काय अडलंय ते विचार. घरात बसून कुणाचा ऑपरेटर गैरहजर आहे ते कळत नाही.

एक अडलेलं मला माहीत आहे. ओळखीच्या एका प्रकाशकांकडे नव्वदच्या दशकातल्या पुस्तकांच्या फाइली पडून आहेत, जुन्या फाँटमधल्या. आता उघडल्या तर नुसती रोमन अक्षरांची भेळ दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, बदलून घेतल्या तर ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला र मोडतो, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन बसते. ओळ न् ओळ वाचणारं माणूस हवंय. माझे डोळे आता दोन पानांवर दमतात. पैसे बेताचेच आहेत, आणि काम दोन महिन्यांचं की वर्षाचं, ते त्यांनाही सांगता येत नाही.

त्यांना तुझा नंबर देऊन ठेवलाय. तुला न विचारता दिला, रागावू नकोस. अनोळखी नंबर तू उचलत नाहीस, हे माहीत आहे म्हणून आधी कळवतोय.

तुझा,
काका