भात कापून पडलंय, पाऊस आला की बाबा रात्रभर जागे. काय करावं?

खानापूरकडं सुगीत हे घरोघरी दिसतं. लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली ताणाला तोंड द्यायच्या दोन तऱ्हा मांडल्या: अडचणच सोडवायची, किंवा मनाची घालमेल आवरायची. ताडपत्री, उंचवट्यावर रचण, मजुरांची जुळणी ही पहिली. ती उजेड असतानाच उरकून घ्या. पाऊस थांबवणं कुणाच्या हातात नाही, तिथं दुसरी चालते. शेजाऱ्यापाजाऱ्यांत बसून बोलू द्या त्यांना. रात्री मोबाईलवर ढग बघत बसण्यानं मात्र दोन्ही साधत नाही (आमच्याकडंही हेच चालतं!), तो काढून घ्या.

पीक घरात आल्यावरही झोप, जेवण तुटलेलंच राहिलं, तर टेली-मानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, भाषा निवडता येते. जिवाचं बरंवाईट करायची भाषा आली, तर त्याच दिवशी.