डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवरच्या कथाखेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतल्या मोहिमेतली +५ तलवार पाचव्या आवृत्तीत कशी आणावी?

तलवारीचा आकडा, म्हणजे वाराच्या फाशात आणि इजेत मिळणारी भर, +३ वर उतरवा, पण तलवारीची खास शक्ती आणि तिचा शाप जसाच्या तसा ठेवा. तुम्ही लिहिलंय की ती राजहंसगडाच्या तळघरात सापडते, भुतांना ओळखते आणि धन्याची झोप हिरावते. बेळगावातल्या तुमच्या मंडळींना तेच आठवत असणार, +५ नव्हे. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत शस्त्रं +५ पर्यंत जायची. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मात्र शत्रूंचे एसी (आर्मर क्लास, म्हणजे वार बसायला फाशावर गाठावा लागणारा आकडा) मुद्दाम आटोक्यात ठेवलेत, म्हणून नियमपुस्तकातली शस्त्रं साधारण +३ वर थांबतात. +५ तशीच आणलीत तर जवळजवळ प्रत्येक वार बसतो आणि बाकीचे खेळाडू नुसते बघत राहतात. मी खानापूरच्या आमच्या गटाची जुनी मोहीम अशीच नव्या नियमांत आणली. आणखी दोन गोष्टी लागतील:

- चिलखतांचा जुना एसी २० मधून वजा करा. जुना ३ म्हणजे नवा १७.
- अट्यूनमेंट, म्हणजे जादुई वस्तूशी पात्राचं जोडलं जाणं, एका वेळी तीनच वस्तूंशी जमते. जुन्या पात्रांकडे अंगठ्या-ताईतांचा ढीग असतो, तेव्हा कोणत्या तीन ठेवायच्या ते खेळाडूलाच निवडू द्या. ही निवड फार रंगते, तिला घाई करू नका.

मात्र तलवार कुणी आधीच कमावली असेल तर आकडा परस्पर उतरवू नका. त्या खेळाडूशी आधी बोला आणि गेलेल्या +२ च्या बदल्यात दिवसातून एकदा वापरता येईल अशी एखादी शक्ती द्या.