एबीए लीगच्या २०१९-२० हंगामाचे विजेतेपद कोणाला मिळाले?

कोणालाही नाही; तेव्हा पूर्वीच्या युगोस्लाव्हियातील देशांच्या क्लबांमध्ये खेळल्या जाणाऱ्या या बास्केटबॉल लीगचा २०१९-२० चा हंगाम कोरोनाच्या साथीमुळे विजेता न ठरवताच रद्द करण्यात आला. मार्च २०२० मध्ये सामने थांबले तेव्हा बारा संघांच्या साखळीतील २२ पैकी २१ फेऱ्या झालेल्या होत्या, परंतु या लीगचे विजेतेपद साखळीतील गुणांवर नव्हे, तर अव्वल संघांच्या बाद फेरीत ठरत असल्याने आणि ती फेरी झालीच नसल्याने, २७ मे रोजी लीगच्या सभेने हंगाम संपल्याचे जाहीर करताना अव्वल स्थानी असलेल्या बेलग्रेडच्या पार्टिझानलाही विजेता घोषित केले नाही. एकच फेरी शिल्लक असताना असे व्हावे, हे त्या संघाच्या चाहत्यांना बोचणे स्वाभाविक आहे. म्हणूनच विजेत्यांच्या यादीत २०१८-१९ आणि २०२०-२१ या दोन्ही वर्षांसमोर बेलग्रेडच्याच त्सर्वेना झ्वेझ्दा या संघाचे नाव दिसते व मधली जागा रिकामी आढळते. मात्र पार्टिझानने फेब्रुवारी २०२० मध्ये जिंकलेला करंडक ही सर्बियातील स्वतंत्र स्पर्धा असल्यामुळे त्या यशावर या निर्णयाचा परिणाम झाला नाही.